माझ्या नावाचा उपास

श्रावण लागला की माझ्या दुकानात आम्लपित्ताच्या गोळ्या जास्त खपतात. सोमवारी दुपारनंतर तर ठरलेलंच. सकाळपासून साबुदाणा, शेंगदाणे आणि चहा यांवर काढलेली माणसं छातीवर हात ठेवून काउंटरशी येतात. एखादी बाई गोळीचं पाकीट उलटसुलट करून हळूच विचारते, उपासाला चालती न्हवं ही? मी चालते म्हणून सांगतो. कॅप्सूल असली की जरा अवघड होतं, कारण तिचं वरचं कवच जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात ते मला माहीत असतं आणि त्या बाईला नसतं. मग मी कॅप्सूल परत ठेवतो आणि तेच औषध गोळीत काढून देतो. कुणाच्या उपासाला हात लावायचा नाही, असं मी आता ठरवून टाकलं आहे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका श्रावणात मी एका उपासाशी अंगातलं सगळं बळ लावून भांडलो होतो. तो उपास माझ्या आईचा होता आणि माझ्या नावाचा होता.

आमचं गाव नेसरी. वडील इचलकरंजीला मागावर कामाला होते, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. मी पाच वर्षांचा असताना मला घटसर्प झाला. मला त्यातलं काहीच आठवत नाही. जे सांगतो आहे ते आईकडून आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या ताईकडून ऐकलेलं. घसा धरला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि ओठ काळेनिळे पडले. गावातून एक ट्रक गडहिंग्लजला निघाला होता. आईनं मला उचललं आणि ती तशीच धावली. पायात काही घालायचं भान तिला नव्हतं. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी बघितलं न बघितलंसं करून कोल्हापूरला न्यायला सांगितलं. मोठ्या दवाखान्यात त्यांनी माझ्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि सुई टोचली. आई बाहेर व्हरांड्यात बसून होती. दिवस श्रावणातल्या सोमवाराचा. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, पायात चप्पल नव्हती. ती जशी होती तशीच देवाला म्हणाली की माझं पोर उठून बसू दे, जलमभर श्रावण मी अशीच काढीन.

पोर उठून बसलं. माझ्या गळ्यावर अजून ती खाच आहे. दाढी करताना वस्तरा तिथं जरा जपून फिरवावा लागतो.

मी नववीत असताना वडील वारले. आई आम्हा दोघांना घेऊन कोल्हापुरात आली. उत्तरेश्वर पेठेत दोन खोल्या घेतल्या आणि ती एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे श्रावण येतो तो तिथला. आषाढातलं मटण-रश्श्याचं शहर एका रात्रीत गप्प व्हायचं. गल्लीत येणारा तिखट-खोबऱ्याचा वास जाऊन उदबत्ती आणि ओल्या बेलाचा वास यायचा. पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर चढलेलं असायचं आणि शाळा सोमवारी अर्ध्या दिवसात सुटायची. अमावास्येला आई आपली चप्पल धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवायची. ती महिनाभर खाली यायची नाही. ओल्या, चिखलाच्या रस्त्यावरून खानावळीपर्यंत अनवाणी जायचं, चुलीपुढे बसून दिवसभर दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापायच्या, आणि स्वतः सूर्य मावळल्यावर एकदा जेवायचं. सोमवार असो की बुधवार, महिनाभर हेच.

गावाकडं नसलेल्या रीतीही तिनं पेठेतल्या बायकांकडून उचलल्या. लेकराच्या आयुष्यासाठी म्हणून जे काही करतात ते तिला ठाऊक झालं की ती करायची. शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला चिकटवून त्याला हळदीकुंकू, आघाड्याची माळ, दूर्वा. मग मला पाटावर बसवून ओवाळायची. ताईचं लग्न होऊन ती हुपरीला गेली, तेव्हापासून ताईच्या वाटणीच्या अक्षता हुपरीच्या दिशेनं, म्हणजे आमच्या फळीवरच्या पिठाच्या डब्यावर पडायच्या. मी कॉलेजात गेलो, मिशी आली, तरी पाट सुटला नाही. लाज वाटायची, पण कुणी बघत नसेल तर बरंही वाटायचं. लहानपणी तर मी शाळेत ऐटीनं सांगायचो की माझी आई महिनाभर माझ्यासाठी उपाशी राहते. बाकीच्या पोरांच्या आया एवढं करत नव्हत्या.

ताई यावरून हसायची. म्हणायची, मला मेलीला एकदापण घटसर्प झाला नाही, म्हणून आईनं माझ्या नावचा एक सोमवारबी धरला नाही. ती हसून म्हणायची आणि मीही हसायचो. त्यात तिला काय टोचत असेल हे मला फार नंतर जाणवलं.

ज्या वर्षाचं सांगतो आहे, तेव्हा मी औषधांचा डिप्लोमा करून शाहूपुरीतल्या एका दुकानात काउंटरला उभा राहत होतो. ज्येष्ठात आईला तहान लागू लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायची. अंगावरचं लुगडं सैल झालं. खानावळीतलं काम आणि वय, असं मी धरून चाललो होतो. मग एक दिवस मोरीत मुंग्यांची रांग लागलेली दिसली. माझ्यासारख्याला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. रक्त तपासून आणलं. साखर इतकी होती की तपासणाऱ्यानं कागद माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडं बघितलं.

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी आईला खुर्चीवर बसवून सगळं नीट सांगितलं. गोळ्या वेळेवर, गोळीनंतर जेवण वेळेवर, दिवसातून तीनदा थोडं थोडं. उपाशीपोटी गोळी घेतली तर चक्कर येऊन पडाल. आणि पायांना जपा, पायाला बधिरपणा येतो, लागलेलं कळत नाही, घरातसुद्धा चप्पल घाला. आई मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "श्रावण झाल्यावर सुरू केलं तर चालंल न्हवं?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीनं म्हणते आहे.

आषाढभर मी तिच्या मागे लागलो. आधी गोडीनं, मग चिडून. दिवसभर दुकानात मी दुसऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर पेनानं जेवणाआधी, जेवणानंतर असं लिहून देत होतो, आणि घरी येऊन जिला जन्मात कधी उलट बोललो नव्हतो तिच्याशी भांडत होतो. एकदा संध्याकाळी ती जात्याजवळ बसून वरी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि मनात बरेच दिवस असलेलं बोलून टाकलं. म्हटलं, आई, मी वाचलो तो उपासानं नव्हे. त्या दिवशी मला जी सुई दिली, तिच्यात घटसर्पावरचं औषध होतं. ते मी शिकलो आहे. त्या औषधाचं नाव मी तुला सांगू शकतो.

आई निवडायची थांबली नाही. म्हणाली, "ती सुई शेजारच्या खाटंवरच्या पोरालाबी दिलती."

मला त्या पोराचं काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. चंदगडकडचं होतं, माझ्याच वयाचं. त्याची आई आणि माझी आई व्हरांड्यात एकमेकींना टेकून बसल्या होत्या. सकाळी ती बाई मोकळ्या हातांनी घरी गेली. एवढं सांगून आईनं वरीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा निवडायला लागली.   त्याला उशिरा आणलं असेल, आजार जास्त चढला असेल, अशी कारणं मला देता येतात. पण त्या व्हरांड्यात बसलेल्या दोघींपुढे ती कारणं उभी राहत नाहीत.

मग मी देवाच्याच माणसाकडं गेलो. घाटाजवळच्या देवळातल्या गुरवांना सगळं सांगितलं. म्हातारा गृहस्थ भला होता. त्यांनी सांगितलं की आजारी माणसाला नवसाची सूट असते, दूध-फळं घ्यावीत, एखाद्या गरिबाला चप्पल दान करावी आणि आपणही घालावी, देव काही कुणाच्या पायांमागे लागलेला नाही. मी जवळजवळ धावत घरी आलो. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, गुरव चांगलं माणूस हाय, पण पोरगं त्यांचं न्हवतं.

अमावास्येला चप्पल धुऊन फळीवर गेली.

पहिल्या सोमवारी मी माझ्याकडचा शेवटचा उपाय काढला. तिला सांगितलं की तू सकाळी जेवल्याशिवाय मीही जेवणार नाही. तिला वाटलं, दुपारपर्यंत टिकेल. मी दुपारी डबा न उघडता परत आणला. संध्याकाळी ती जेवायला बसली, मला ताट वाढलं, मी हात लावला नाही. सूर्य मावळल्यावर नको, सकाळी जेव, मग मी जेवतो, एवढंच म्हणत राहिलो. तीही उठली. त्या दिवशी ती पूर्ण उपाशी राहिली, गोळी घेऊन. मंगळवारी दुकानात माझे हात थरथरायला लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मालकांनी घरी पाठवलं. बोलावणं गेल्यावर आई खानावळीतून आली होती. दारात मला बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू मी पुन्हा पाच वर्षांचा होऊन तिच्या हातांत शिट्टीसारखा श्वास घेतो आहे. ती रडली नाही. भाकरी कुस्करून दुधात कालवली आणि घास माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, "तूच उपाशी ऱ्हायलास तर मी उपास कुणासाठी करू?"

 मी तोंड उघडलं. ती उपाशी बसून मला भरवत होती आणि मी जेवत होतो, वाटी संपेपर्यंत. जगात याहून हरलेला माणूस असेल असं मला त्या वेळी वाटत नव्हतं.

थोडा मार्ग काढला तो कांबळे सिस्टरांनी. त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या, सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या. घर बौद्ध, उपासतापास नाहीत, पण याच पावसाळ्यात त्यांच्याकडं वर्षावास असायचा. संध्याकाळी चार घरची माणसं जमून ग्रंथ वाचायची आणि तो आवाज आमच्या खोलीत ऐकू यायचा. आई त्या वेळी चूल मंद करून दाराशी बसायची. सिस्टर बोलायला रोखठोक. त्यांनी आईला उपास सोड असं एकदाही म्हटलं नाही. फक्त विचारलं की उपासाला दूध चालतंय का. आई म्हणाली, चालतंय. केळं? तेही चालतंय. मग सकाळी गोळीबरोबर पेलाभर दूध आणि दोन केळी, दुपारी पुन्हा तेवढंच, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि आईनं ते मुकाट्यानं ऐकलं. मी महिनाभर डोकं आपटून जे जमलं नव्हतं ते सिस्टरांनी चहा गार व्हायच्या आत केलं. पायतानाचं मात्र त्यांनाही जमलं नाही. त्या म्हणाल्या, निदान मोजे तरी घाला. मी जाड मोजे आणून दिले. आई एक दिवस ते घालून खानावळीत गेली. संध्याकाळी आली तेव्हा मोजे चिखलानं भरून दगडासारखे जड झाले होते आणि ती हसत होती. रस्त्यात बायका तिला बघायला थांबल्या होत्या म्हणे. ते मोजे आम्ही दोरीवर वाळत टाकले. श्रावणातल्या हवेत ते चार दिवस वाळले नाहीत, आणि पुन्हा पायातही गेले नाहीत.

पंचमीला ताई हुपरीहून आली. तिच्या सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं, तिच्या बोटांच्या पेरांना कायम काळपट झाक असायची. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही म्हणून उकडलेली पुरणाची दिंडं. आईनं आम्हाला दुपारी वाढली आणि स्वतःची संध्याकाळसाठी झाकून ठेवली. ताईनं मला मोरीजवळ गाठून विचारलं की तू काय करतोस, तुझ्यासाठी करतेय ना ती, मग तुझं ऐकायला नको? मी म्हटलं, माझ्यासाठी करतेय म्हणूनच माझं ऐकत नाही.  जाताना ताईनं आईच्या पायांना तेल चोळून दिलं. आई म्हणाली, जोरात चोळ की. ताई जोर लावूनच चोळत होती.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. जोतिबाच्या डोंगरावर चोपडाईची यात्रा असते. दरवर्षी पेठेतल्या बायकांबरोबर आई पायी जायची. मी पायी जाऊ देणार नाही म्हटल्यावर ती मोपेडवर मागे बसायला तयार झाली, एवढाच माझा विजय. वर धुकं होतं, माणसांची रीघ, पायऱ्यांवर गुलालाचा राडा, चांगभलंचा घोष. मी तिचा हात धरून चाललो होतो. तिचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी झाले होते. त्या गुलाबी चिखलात दगड किती, खिळे किती, नारळाच्या करवंट्या किती, कोण बघतो. दर्शन झाल्यावर ती म्हणाली, बाळू, बघ, काय झालं का मला? मीही म्हटलं, नाही झालं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती मला ओवाळत होती. निरांजन फिरवून झालं, पिठाच्या डब्यावर अक्षता टाकून झाल्या आणि ती ताम्हण ठेवायला मागे सरली. तिचा उजवा पाय जिथं होता तिथं शहाबादी फरशीवर एक ओला तपकिरी डाग होता. मला वाटलं, गुलाल राहिला असेल. ती दोन पावलं गेली. तिथंही डाग. मी पाटावरून उठून तिला खाली बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाचं पेर जाईल एवढी जखम होती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आत करवंटीचा एक तुकडा रुतलेला होता. मी तो काढला तेव्हा मी आईच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. तिला काहीच कळलं नव्हतं. इतके दिवस ती त्या तुकड्यावर उभी राहून भाकऱ्या उतरवत होती.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. कांबळे सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन जखम धुवायच्या. मी दुकानातून आणता येतील ती सगळी औषधं आणली. आई पट्टी बांधलेला पाय पिशवीत घालून घरात फिरायची, कारण पिशवी म्हणजे पायतान नव्हे. वास यायला लागला तेव्हा तिनं जास्तीच्या उदबत्त्या लावल्या. डॉक्टर म्हणाले दाखल करा, ती म्हणाली अमावास्या होऊ दे. शेवटी तिला थंडी वाजून ताप भरला, ती बरळायला लागली, तेव्हा मी आणि सिस्टरांच्या नवऱ्यानं तिला उचलून रिक्षात घातलं. शुद्धीत असती तर ती आली नसती. तिच्या मनाविरुद्ध मी केलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती मी उशिरा केली.

दवाखान्यात सलाईनमधून साखर, इन्शुलिन आणि औषध सगळंच तिच्या अंगात जात होतं. तिला शुद्ध आल्यावर तिनं नळीकडं बघून विचारलं, ह्यानं उपास मोडतो काय रं? मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पाय काळा पडत वर चालला आहे, घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. सहीचा कागद माझ्यापुढे आला. हुपरीहून आलेल्या ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. जिनं माझ्यासाठी पाय उघडे ठेवले तिचा पाय कापायला माझी सही लागत होती. मी ती केली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पिठोरी अमावास्या होती. पिठोरीला आई खिरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतीत कोण? अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागे उभ्या असलेल्या लेकरानं ‘मी’ म्हणायचं आणि वाण घ्यायचं. ही रीतही आईनं पेठेत शिकलेली. त्या दुपारी तिनं ताईला डब्यातून खीर आणायला लावली होती. सलाईनचा हात जपत ती खाटेवर कशीबशी उठून बसली, आमच्याकडं पाठ केली आणि स्टीलची वाटी खांद्यावरून मागे धरली. वॉर्डातल्या बायका बघत होत्या.

"अतीत कोण?" आईनं विचारलं.

 वाटी हलत होती, खीर काठावर येत होती. तिनं पुन्हा विचारलं. मी ताईकडं बघितलं आणि तिला पुढे ढकललं. ताई म्हणाली, "मी, सुनंदा." आईचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, घे बाई, आणि दुसऱ्या वाटीसाठी हात पुढे केला. दुसऱ्या वेळी मला ‘मी, बाळू’ म्हणता आलं.

शस्त्रक्रिया झाली. रस्त्यावरून ढोलताशे लावून गणपती विसर्जनाला निघाले तेव्हा आम्ही तिला घरी आणलं. मला वाटत होतं की ती खचेल, देवाला दोष देईल, निदान रडेल. मी त्यासाठी तयार होऊन बसलो होतो. ती उशीला टेकून चादरीच्या सपाट बाजूकडं बघत मला म्हणाली, "पायच मागितला. पोरगं तर न्हाय मागितलं."

ती हे समाधानानं म्हणाली. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरात कांबळे सिस्टर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

पुढे तिला रबरी पाय बसवला. खानावळ सुटली. श्रावण येत राहिले. मी भांडणं सोडून दिलं. दूध आणि केळी वेळेवर पुढे ठेवायची एवढंच काम. पहिल्या श्रावणात तिनं डाव्या पायातली चप्पल काढून फळीवर ठेवायला दिली आणि उजवीकडची राहू दिली. त्यो पाय माझा न्हवं, त्याला कशाला नवस, म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या खोलीत गेल्यावर माझं हसणं कुठल्या कुठं गेलं. माझं लग्न झालं, सरिता आली, मुलगी झाली, मी स्वतःचं दुकान टाकलं. सरितानं सासूचं सगळं बघितलं, कधी नाक मुरडलं नाही. आईनं तिला उपास धर असं कधी सांगितलं नाही. माझं नाव तिनं कुणाच्या हवाली केलं नाही.

मग एका उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, पण मधलं काहीतरी पुसून गेलं. कधी ती वडिलांना इचलकरंजीहून आले का म्हणून विचारायची. कधी नातीला सुनंदा म्हणायची. मला मात्र बाळूच म्हणायची.

श्रावण लागला. पहिलाच दिवस, सोमवार. सकाळी सात-साडेसातला सरितानं मुलीसाठी शाळेत जायच्या आधी पोहे केले होते. आई खाटेवर बसून नातीच्या बशीकडं बघत होती. फोडणीचा वास सगळ्या घरात होता. ती म्हणाली, मलाबी दे की गं.

सरिता झारा हातात धरून माझ्याकडं बघायला लागली. तिनं हळूच विचारलं, सांगू का त्यांना, आज काय आहे ते? मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. तिशी उलटून गेलेला नवस होता तो. एक शब्द सांगितला असता तर आईनं बशी मागे सारली असती, आणि आपण काय करायला निघालो होतो या विचारानं तिचं काय झालं असतं देव जाणे. न सांगितला तर तिचा जन्मभराचा शब्द मोडणार होता, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच नावाचा. मी मान हलवून नको म्हटलं.

आईनं पोहे खाल्ले. सावकाश, चवीनं, कडेला चिकटलेला खोबऱ्याचा कीससुद्धा बोटानं गोळा करून. मग आणखी मागितले. सरितानं वाढले. नंतर मी गोळी दिली, ती तिनं पाण्याबरोबर घेतली. पोटभर न्याहारी करून वेळेवर गोळी, डॉक्टरांनी इतक्या वर्षांपूर्वी सांगितलं होतं अगदी तसं. मला आनंद व्हायला हवा होता.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. "तू का खात न्हाईस? खा की. उपाशी राहू नगंस."

सरितानं माझ्यासमोर बशी ठेवली. मी आईशेजारी बसलो. ती माझ्याकडंच बघत होती म्हणून मी घास उचलून तोंडात घातला. तिचा सोमवार आता मला धरायचा होता. तिची नजर दुसरीकडं वळेपर्यंत तो घास तसाच तोंडात धरून ठेवला.